सात कव, साडेआठ वीत

३ एप्रिल : शीआन ते हुआंगलिंग

मी क्वालिटीत आहे. चाकणच्या कारखान्यात जॉब तपासायचा, मापात बसला तर पुढं, नाही तर लाल पेटीत. वीस वर्षं हेच केल्यावर डोळा बिघडतो. घरचे म्हणतात, हा देवळात गेला तरी आधी कळस ओळंब्यात आहे का ते बघतो. शीआनला आलो होतो तेही एका मशीनची ट्रायल घ्यायला. काम निम्म्यावर आलं आणि कारखान्याला तीन दिवस टाळं. कारण छिंगमिंग. पूर्वजांच्या थडग्यांवर जायचं, गवत उपटायचं, खोट्या नोटा जाळायच्या, नैवेद्य दाखवायचा. आपली सर्वपित्री उचलून वसंतात ठेवावी, तसा हा सण.

आमचा दुभाष्या म्हणजे पंचविशीतला पोरगा, लुओछुआन तालुक्यातला, सफरचंदवाल्या शेतकऱ्याच्या घरचा. मला 'शूशू' म्हणतो, म्हणजे काका. त्यानं विचारलं, "शूशू, तीन दिवस हॉटेलात भिंती मोजणार का? माझ्या गावाच्या वाटेवरच हुआंगदीची समाधी आहे. तुम्हाला तिथं उतरवतो, सहा तारखेला उचलतो."

हुआंगदी म्हणजे पीत सम्राट. चिनी माणूस स्वतःला ज्यांचा वंशज म्हणवतो, त्या दोन आदिराजांपैकी एक. परंपरेनं त्याचं राज्य इसवीसनापूर्वी २६९७ पासून धरतात. त्यानं म्हणे छियो नावाच्या शत्रूला हरवलं, आणि दाट धुक्यात दिशा कळावी म्हणून कायम दक्षिणेकडं हात दाखवणारी गाडी केली. त्याच्या बायकोनं, लेइझूनं, रेशमाचा किडा पाळायला शिकवलं. त्याच्या दरबारातल्या त्सांगज्येनं पाखरांच्या पावलांचे ठसे बघून लिपी शोधली. एकाच कुटुंबानं आणि कचेरीनं एवढं सगळं उरकलं म्हटल्यावर माझ्यासारख्याला तपासणीचा कागद मागावासा वाटणारच. पण ही नुसती आजीची गोष्ट नाही. १ जानेवारी १९१२ ला चिनी प्रजासत्ताक सुरू झालं, तेव्हा जाहीरनाम्यात वर्ष लिहिलं होतं हुआंगदी संवत् ४६०९.

शीआनहून उत्तरेला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आधी वेई नदीचं सपाट मैदान, गहू गुडघ्याएवढा. तुंगछुआन मागं पडलं की रस्ता चढू लागतो आणि माती बदलते. पिवळी, पिठासारखी, दरडच्या दरड उभी कापलेली तरी ढासळत नाही. त्या दरडींत कमानी कोरून केलेली घरं. बरीचशी आता ओस पडलेली, दारापुढं मक्याच्या कणसांच्या माळा टांगलेलं एखादंच. पोरगा म्हणाला, त्याची आजी अशाच घरात जन्मली. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, फक्त मोबाइलला रेंज नाही.

हुआंगलिंगला पोचलो आणि पहिलं रिजेक्शन माझंच झालं. फोनवरून आगाऊ पैसे भरलेल्या हॉटेलातल्या मुलीनं पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला, संगणकात काहीतरी घातलं, परत घातलं, आणि फोनवरच्या भाषांतरात मला दाखवलं : 'परदेशी पाहुणा नोंदवता येत नाही.' पोरगा तोवर गावाकडं निघून गेलेला. सणाचे दिवस, गावात मुंगीला शिरायला जागा नाही. तासभर बाकावर बसलो. शेवटी त्या मुलीनंच चार ठिकाणी फोन केले आणि तिच्या ओळखीतल्या एका काकांच्या दुचाकीवर मागं बसवून मला दुसऱ्या टोकाच्या लॉजवर धाडलं. खोलीत पंखा नव्हता, पण नोंद झाली. झोपलो.

४ एप्रिल : हुआंगलिंग, टीव्हीवर

आज मुख्य सोहळा, आणि मी त्यापासून दीड किलोमीटरवर एका फळकुटाच्या टेबलापाशी.

सकाळी साडेसातलाच निघालो होतो. नदीकाठच्या रस्त्यावर लोखंडी अडसर, पिवळे पट्टे, पोलीस. निमंत्रितांच्या बसगाड्या आत जात होत्या, गळ्यात पिवळी रेशमी उपरणी घातलेली माणसं खिडकीतून फोनवर आमचेच फोटो काढत होती. आमच्यासारख्या बिननिमंत्रितांनी दुपारनंतर, किंवा उद्या यावं. देहूला बीजेच्या दिवशी मंदिरापर्यंत पोचणं जमत नाही, हा अनुभव गाठीशी असल्यामुळं फार वाईट वाटलं नाही. गर्दीतल्या एका बाईनं हातानंच 'खायला चला' अशी खूण केली. तिचंच दुकान निघालं.

मी माळकरी घरातला, त्यामुळं चिनीतलं एक वाक्य पक्कं पाठ आहे : 'वो ची सू', मी शाकाहारी. बाईनं माझ्यापुढं ज्याओत्वान ठेवलं. मक्याचं पीठ कढईत शिजवत लांब काठीनं घोटून घोटून घट्ट करतात, त्याचा गोळा वाडग्यात, भोवती व्हिनेगरचं आंबट पाणी, लाल मिरचीचं तेल, लसूण, कोथिंबीर. आपली उकड, थोडी जास्त दाटलेली, आणि ताकाऐवजी व्हिनेगर. चमच्यानं कडेनं तोडायची आणि न चावता गिळायची. मी चावत होतो, ते पाहून शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना हसू आवरेना.

भिंतीवरच्या टीव्हीवर सोहळा थेट दिसत होता. दहा वाजायला दहा मिनिटं असताना सगळे उभे राहिले आणि ढोल सुरू झाला. मी सवयीनं मोजायला लागलो. चौतीस. मग घंटा, नऊ. दुकानवालीला बोटांनी चौतीस करून दाखवले, तर तिनं मान डोलावली आणि फोनमध्ये बोलून मला वाचायला दिलं : चौतीस म्हणजे देशाचे सगळे प्रांत, महानगरं, स्वायत्त प्रदेश, त्यात हाँगकाँग, मकाऊ आणि तैवानही धरलेले. नऊ म्हणजे सगळ्यांत मोठा मान. ढोलाच्या ठोक्यांत राजकारण कसं बसवायचं, हे या देशाला शिकवायला नको.

मग फुलांच्या टोपल्या वाहिल्या, लांबलचक स्तुतिपाठ झाला, तीन वेळा वाकून नमस्कार, नाच. नाचाच्या शेवटी एक भलामोठा पिवळा ड्रॅगन हळूहळू वर चढत गेला, आत हवा भरलेला असावा. दुकानातली वर्दळ क्षणभर थांबली. बाहेर येऊन टेकडीच्या दिशेला पाहिलं, तर झाडांच्या वर दूर एक पिवळी रेघ वळवळताना दिसली. टीव्हीवरचा आणि आकाशातला, दोन्ही ड्रॅगन एकदमच बघितले.

२००६ मध्ये सरकारनं अमूर्त वारशाची पहिली यादी केली, तिच्यात हा विधी आहे. पण विधी एकटा सरकारचा नाही. छिंगमिंगला सरकारी पूजा असते, तशी शरदात, नवव्या महिन्याच्या नवमीला, लोकांची पूजा असते. आजोबांचं मत, उकड गिळता गिळता, की खरी तीच; तेव्हा अडसर नसतात.

दुपारी पाऊस आला. उरलेला दिवस लॉजवर, कपडे वाळत घालण्यात.

५ एप्रिल : छ्याओशान

सकाळी आठ. अडसर गेलेले, पिवळ्या पट्ट्यांचे तुकडे गटारात. प्रवेशद्वारापुढचा चौक मोठमोठ्या नदीगोट्यांचा आहे. छिनलिंग पर्वतातल्या नद्यांतून आणलेले पाच हजार गोटे, पाच हजार वर्षांसाठी. पुढं तळं, पूल, आणि देवळाकडं चढणाऱ्या पायऱ्या, पंच्याण्णव. नऊ आणि पाच हे सम्राटाचे आकडे. इथं येऊन एक गोष्ट लक्षात आली, की प्रत्येक मापामागं काहीतरी अर्थ असतो. आमच्या ड्रॉइंगवर ३६ लिहिलं तर ते ३६ मिलिमीटर असतं, बस्स.

दरवाज्यातून आत गेलो की डाव्या हाताला ते झाड. सरूसारखं, पण सरू नव्हे. आपल्या बंगल्यांच्या फाटकाशी खांद्याएवढी मोरपंखी असते ना, जिची चपटी पानं शाळेत 'विद्या येते' म्हणून वहीत ठेवायचो? तीच. तीच जात, तीच उभी पंख्यासारखी पानं. फरक एवढाच, की ही मोरपंखी वीसेक मीटर उंच आहे, आणि हुआंगदीनं ती स्वतःच्या हातानं लावली असं सगळे सांगतात. म्हणजे पाच हजार वर्षांची. खोड म्हणजे एक खोड वाटतच नाही. पिळवटलेले दोर एकमेकांवर चढवून, मधेमधे गाठी मारून, वर चिखल थापून कुणीतरी वाळवलं असावं, असं दिसतं. काही फांद्या वठून पांढऱ्या झालेल्या आणि त्यांच्याच बगलेतून ताजी हिरवी पानं फुटलेली. भोवती कठडा, हात लावायला बंदी. कठड्याला लाल फितींचा खच.

एका मार्गदर्शक बाईचा पंचवीस-तीस जणांचा घोळका तिथं थांबला होता. ती झाडाचं माप सांगत होती आणि घोळका तालात तिच्यामागून म्हणत होता. मी फोन पुढं केला. भाषांतर आधी धड येईना. मग एका शाळकरी मुलीनं, इंग्रजीच्या सरावाची संधी साधून, हात पसरून, बोटं ताणून मला समजावलं. इथल्या लोकांची जुनी म्हण आहे : सात कव, साडेआठ वीत, गाठीबिठी हिशेबात नाहीत.

मी तिथंच खिशातली वही काढली. मोठ्या माणसाची कव दीड मीटरच्या पुढं-मागं, सातानं गुणून साडेदहा. वीत वीस-बावीस सेंटिमीटर, साडेआठ वितींचे सतराशे ते पावणेएकोणीसशे मिलिमीटर. म्हणजे घेर बारा मीटरच्या वर. नजरेनं अंदाज घेतला तर बुंध्याशी दहाच्या आसपास भरत होता. दोन मीटरचा फरक! आमच्याकडं दोन शतांश मिलिमीटरला जॉब परत जातो. पण मग म्हणीचं शेवटचं कलम डोक्यात शिरलं. गाठी हिशेबात नाहीत. ज्या झाडाला निव्वळ गाठीच आहेत, त्याच्या गाठी वगळून मोजायचं म्हणजे टेप नक्की कुठून कुठं न्यायचा? हे माप घेणारा माणूस एक तर फार भोळा असणार, नाही तर आमच्या खात्यात लागला असता तर हेडच झाला असता.

देवळाचं आवार शिलालेखांनी भरलेलं आहे. एका छत्रीखाली प्रजासत्ताकाच्या पहिल्या अध्यक्षाचे, सन यत्-सेनचे शब्द, एका छत्रीखाली कुओमिन्तांग पक्षाच्या पुढाऱ्याचं, च्यांग काई-शेकचं १९४२ मधलं हस्ताक्षर, 'हुआंगदी लिंग' अशी तीन अक्षरं. लिंग म्हणजे राजाची समाधी. एका छत्रीखाली माओच्या धावत्या अक्षरातला पूजापाठ. तो १९३७ चा. तेव्हा जपान दारात उभा होता आणि एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कुओमिन्तांग आणि कम्युनिस्ट या दोन्ही पक्षांनी ५ एप्रिलला इथं आपापली माणसं पाठवून पूजा केली. पुढं दोघं परत लढले, एक तैवानला गेला, एकानं पेइचिंग घेतलं. हस्ताक्षरं मात्र इथं शेजारी शेजारी उभी. तालुक्याचं नावही त्याच काळातलं. १९४४ पर्यंत हा 'चुंगपू', म्हणजे मधला भाग, असा साधा तालुका होता.

जरा पुढं दगडात उमटलेली दोन पावलं, हुआंगदीची म्हणतात. आपल्याकडं पादुका असतात तशाच, पण माप असं की आमच्या सेफ्टी बुटांत हा साइझ मिळणार नाही. त्यापुढं जुन्या सभामंडपाशी दुसरी एक प्रसिद्ध मोरपंखी. हिच्या सालीवर खालपासून वरपर्यंत ओळीत खळगे, खिळे ठोकून उपटल्यासारखे. इसवीसनापूर्वी ११० मध्ये हान घराण्याचा सम्राट वूदी उत्तरेकडच्या मोहिमेवरून लाखावर फौज घेऊन परतताना इथं थांबला आणि त्यानं चिलखत या झाडाला टांगलं, अशी कथा. झाडाची कथा कुणी घडवली माहीत नाही, पण वूदी आला होता हे खरं. त्याच्याच पदरी असलेल्या सीमा छ्येन या इतिहासकारानं ते लिहून ठेवलंय.

जुन्या देवळामागं २००४ मध्ये झालेला नवा मंडप आहे, कालचा सोहळा तिथं झाला. झांग जिनछ्यू या वास्तुकार बाईंचं काम. इथं मात्र मी खूष झालो. चाळीस मीटर बाय चाळीस मीटरचा चौरस, छत्तीस गोल दगडी खांब, भिंत कुठंच नाही. आणि छताला मधोमध चौदा मीटर व्यासाचं भोक, थेट आकाश. पृथ्वी चौकोनी, आकाश गोल, ही त्यांची जुनी कल्पना. खाली पाच रंगांचा दगड. पाऊस सरळ आत पडतो. कालच्या पावसाचं डबकं अजून होतं आणि दोन झाडूवाल्या मावश्या ते रबरी फळीनं ढकलत होत्या. डबक्यात गोल आकाश हललं की त्या जरा थांबायच्या. एका खांबाला हात लावला. ग्रॅनाइट, सांधा असा बसवलेला की नख शिरत नाही. पास.

तिथून टेकडी. विजेच्या गाड्या वर नेतात, पण मी चालत निघालो, कारण टेकडी म्हणजेच ती झाडं. सगळ्या छ्याओशानवर मोरपंखी, ऐंशी हजारांहून जास्त, त्यातली तीस हजारांवर हजार वर्षांच्या पुढची. खाली तीन बाजूंनी नदीनं टेकडीला वळसा घातलाय. ओल्या सालीचा कापरासारखा वास येत होता. चढ संपता संपता एक दगड : मुलकी असो वा लष्करी, अधिकाऱ्यांनी इथं घोड्यावरून उतरावं. विजेच्या गाड्याही साधारण इथवरच येतात, ही एक गंमत.

वर डाव्या हाताला मातीचा उंच चबुतरा. वूदीनं पूजेसाठी बांधवला, म्हणतात. याच जागी त्याला तो प्रश्न पडला असावा. सीमा छ्येननं तो नोंदवलाय. वूदीनं बरोबरच्या लोकांना विचारलं : हुआंगदी मेलाच नाही असं मी ऐकतो, मग ही समाधी कसली? कुणीतरी उत्तर दिलं : तो स्वर्गात गेला, लोकांनी त्याचे कपडे आणि टोपी पुरली.

पूर्ण गोष्ट अशी. हुआंगदीनं डोंगरातून तांबं काढून एक मोठं तिपाई पात्र ओतलं. (ओतकाम यशस्वी झाल्यावर माणूस स्वर्गात जातो, हे आमच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला हवं.) पात्र पुरं झालं तसा आकाशातून दाढीवाला ड्रॅगन खाली आला. हुआंगदी बसला, राण्या आणि अधिकारी मिळून सत्तरहून जास्त लोक चढले. छोट्या नोकरदारांना जागा उरली नाही. त्यांनी ड्रॅगनच्या दाढीचे केस धरून लोंबकळायला सुरुवात केली. केस तुटले, माणसं पडली, राजाचं धनुष्यही पडलं. खाली राहिलेले ते केस आणि धनुष्य छातीशी धरून रडले. हे ऐकल्यावर वूदी म्हणाला होता, मला खरंच असं जमलं तर बायकापोरं सोडणं म्हणजे पायातली वहाण काढण्याइतकं सोपं. जमलं नाही. इसवीसनापूर्वी ८७ मध्ये तोही गेला, आणि त्याच्या समाधीत तो आहे.

देहूच्या माणसाला ही गोष्ट ऐकून चमकायला होणारच. आमचेही तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, म्हणून आळंदीला समाधी आहे, देहूला नाही. वैकुंठगमनाची जागा आहे आणि नांदुरकीचं झाड आहे. बीजेला भर दुपारी ते झाड हलतं म्हणून आम्ही हजारो माणसं मान वर करून उभी असतो. मी लहानपणापासून उभा राहिलोय. ते कधी मोजायला गेलो नाही, हे मात्र आत्ता लिहिताना लक्षात आलं.

समाधीपुढं छोटा मंडप, त्यात क्वो मोर्वो या लेखक-इतिहासकाराच्या अक्षरातली 'हुआंगदी लिंग' ही शिळा. मागं दुसरी शिळा, १५३६ मधली, मिंग काळातली, तिच्यावर चार अक्षरं : 'छ्याओशान लुंगयू', छ्याओशानवर ड्रॅगनस्वारी. म्हणजे थडग्याच्या तोंडावरच लिहून ठेवलंय की इथून माणूस उडून गेला. आणि त्यामागं मातीचा ढीग. ३.६ मीटर उंच, ४८ मीटर घेर, भोवती विटांची भिंत, वर गवत आणि मोरपंखीची झाडं. बास. खाली एवढे दगड, एवढे आकडे, आणि शेवटी हे. आमच्या शेतातला जुना उकिरडा याहून मोठा होता, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

१९६१ मध्ये देशभरातल्या संरक्षित स्थळांची पहिली यादी झाली, तिच्यात जुन्या कबरींत पहिला क्रमांक या ढिगाला दिला. आत कपडे निघतात की काहीच नाही, हे बघायला कुणी फावडं लावलेलं नाही. चीनमधल्याच कू ज्येकांग या अभ्यासकानं १९२३ मध्ये मोठी खळबळ उडवली होती. त्याचं म्हणणं, ग्रंथ जितका अलीकडचा, तितके त्यातले राजे जास्त प्राचीन. हा इतिहास थरावर थर चढत गेलाय, आणि हुआंगदीचा थर बराच वरचा. मला हे पटतं. पण ढिगाभोवती लोक फेऱ्या मारत होते, त्यांच्यात मीही सामील झालो. भिंतीबाहेरून चालावं लागतं म्हणून घेर जास्त भरतो. माझी ८१ पावलं झाली. दुसऱ्या फेरीत ७९. तिसऱ्या फेरीत एका आजीबाईंनी आधारासाठी माझा दंड धरला आणि पावलं मोजायची राहून गेली.

६ एप्रिल : लुओछुआन

पोरगा सकाळी नऊला आला, ठरल्याप्रमाणे. त्याच्या गावाआधी त्यानं मला एका घळीशी नेलं, हैमूकौ नावाची, आता भूशास्त्रीय उद्यान केलंय. इथं पिवळ्या मातीचा उभा छेद दिसतो. शंभर मीटरहून जास्त जाडीची माती, वाऱ्यानं वायव्येच्या वाळवंटांतून आणून टाकलेली, सुमारे पंचवीस लाख वर्षं, थरावर थर. फिकट पिवळा थर कोरड्या थंडीचा, तांबूस थर उबदार पावसाळी काळाचा. मापाची पट्टीच, फक्त वर्षांची. 'हुआंग' म्हणजे पिवळा, आणि त्यांच्या पंचतत्त्वांत पिवळा हा मातीचा रंग. राजाचं नाव कुठून आलं ते इथं उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही. बुटात, कानात, वहीच्या पानांतही तीच माती गेली होती.

गावाभोवती सगळी सफरचंदं. १९४७ मध्ये इथल्या एका शेतकऱ्यानं हनान प्रांतातल्या लिंगपाओहून गाढवांवर दोनशे रोपं आणली, तिथून सुरुवात. फुलायला अजून दोन आठवडे, कळ्यांची टोकं नुसती गुलाबी. २०१७ मध्ये भारतानं चिनी सफरचंदांवर बंदी घातली, त्याआधी आपल्या बाजारात कागदात गुंडाळलेली फुजी मिळायची, त्यातली काही कदाचित इथलीच असतील. पोराच्या वडिलांनी बंदीबद्दल मला अशा नजरेनं विचारलं की जणू सही माझीच होती.

बागेच्या कोपऱ्यात, दोन झाडांच्या रांगा संपतात तिथं, आजोबांचा ढीग. कमरेएवढा. परवाच सगळे येऊन गेले होते. वर पिवळा कागद मातीच्या ढेकळानं दाबलेला, पुढं जळक्या कागदांची राख आणि चिनी दारूची रिकामी बाटली. पोरगा वाकून राहिलेलं गवत उपटत होता. मीही चार काड्या उपटल्या. इथं कोण आहे, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

घरात नाईनाईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, माझ्यासाठी शेवया लाटल्या होत्या, पट्ट्यासारख्या रुंद, वर तिखट आणि कडकडीत तेल ओतलेल्या. तेल चरचरलं तशी ती एकदम मागं सरली आणि हसली, दोनच दात. वय सत्त्याऐंशी. पायाशी शिवणाची टोपली, तीत कापडी बुटाचा अर्धवट शिवलेला तळवा. तळव्याचं माप ती वितीनं घेते, पट्टी घरात असूनही. अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची, मग दोन बोटं वर.

"झाड बघितलं का, विचारतेय," पोरगा म्हणाला.

बघितलं म्हटलं. मी हात पसरून सात वेळा कव केली, मग बोटं ताणून वितीचं दाखवलं. ती एकदम खुलली आणि पूर्ण म्हण गात गात म्हणाली. लहानपणी, बापाबरोबर खेचराच्या गाडीतून ती तिथं गेली होती. तेव्हाही ते सात कव, साडेआठ वीतच होतं.

माझ्यातला क्वालिटीवाला गप्प बसेना. म्हटलं, विचार तिला, तेव्हाही तेवढंच आणि आताही तेवढंच, मग ऐंशी वर्षांत झाड वाढलंच नाही का?

पोरानं विचारलं. तिनं तळवा उचलला, सुई ओवली, दोरा दातानं तोडायला गेली, दात नाहीत हे आठवून कात्री घेतली, आणि मग काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?"

"गाठी वाढल्या असतील, म्हणते."